नेटवर्क परवाना मिळत नाही (-१५), सर्व्हर मात्र चालू दिसतोय. बुधवारी काम द्यायचंय!

रेघोटी | सोमवार, सकाळी १०:०५

मंडळी, मदत हवी आहे आणि घाई आहे.

ऑफिसात आम्ही पाच जण. पाचही जण एकाच ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. पाच जागांचा नेटवर्क परवाना आहे, कायमस्वरूपी, २०१७ च्या आवृत्तीचा. परवाना वाटणारा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. स्कॅनरही त्यालाच जोडलेला आहे. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्यांची की आमची हे अजून कळलेलं नाही.

आज सकाळपासून चार मशीनवर प्रोग्राम उघडला की परवाना मिळाला नाही अशी चौकट येते, खाली -१५ हा आकडा. गंमत म्हणजे खुद्द सर्व्हरवरही तोच प्रोग्राम आहे आणि तिथे तो बिनबोभाट उघडतो. पिंग जातं. परवान्याची सेवा 'चालू' दाखवते. काहीही बदललेलं नाही.

मी संगणकवाला नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा प्लॉटरमध्ये अडकलेला कागद काढला होता, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे.

खोडरबर | सोमवार, १०:११

काढून परत टाका. माझं नेहमी त्यानेच सुटतं.

जुना_प्लॉटर | सोमवार, १०:२४

खोडरबर, नका हो असं सांगू. चार मशीन एकाच सकाळी आजारी पडत नाहीत. चौघांचं दुखणं एकच असेल तर ते चौघांच्या मधल्या वाटेवर शोधायचं.

रेघोटी, आकडा लिहिलात हे फार बरं केलंत. निम्मे लोक नुसतं 'चालत नाही' लिहितात. तुमचं सॉफ्टवेअर बहुतेक फ्लेक्सएलएम जातीचा परवाना वापरत असणार (आता त्याला फ्लेक्सनेट म्हणतात). अभियांत्रिकी आणि ड्राफ्टिंगच्या बऱ्याच प्रोग्रामांत हीच यंत्रणा आहे आणि तिचे आकडे सगळीकडे सारखेच असतात. -१५ म्हणजे सर्व्हरशी जोडणीच झाली नाही. म्हणजे परवाना खोटा आहे, संपला आहे, जागा भरल्या आहेत यातलं काहीही नाही. जागा भरल्या असत्या तर -४ आला असता. मुदत संपली असती तर -१०. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं असतं आणि परवान्यातला पत्ता जुळत नसता तर -९. तुमची मशीन दारापर्यंतच पोचत नाहीयेत, आत कोण बसलंय हा प्रश्न पुढचा.

आता 'काहीही बदललेलं नाही' याबद्दल. हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की त्याचा अर्थ मी 'अजून आठवलेलं नाही' असा घेतो. शनिवार-रविवारी त्या कोपऱ्यातल्या मशीनला कोणी हात लावला?

रेघोटी | सोमवार, १०:५०

विचारलं सगळ्यांना. शनिवारी ते मशीन एकदा बंद करून चालू केलं होतं, एवढंच. आधीही कधीतरी व्हायचं तसं, तेव्हा काही झालं नव्हतं.

आणि एक कबुली. जुना_प्लॉटर यांचा प्रतिसाद येण्याआधीच एका सहकाऱ्याने आपल्या मशीनवरून प्रोग्राम काढून टाकला. आता जुन्या आवृत्तीची डिस्क सापडत नाही म्हणून तो संकेतस्थळावरून नवीन आवृत्ती उतरवतोय.

जुना_प्लॉटर | सोमवार, १०:५३

थांबवा त्याला!

तिरकी_पट्टी | सोमवार, ११:०२

+१, थांबवा. २०१७ चा परवाना नव्या आवृत्तीला चालणार नाही. ती फार तर चाचणी मुदतीवर उघडेल आणि मग दुसरीच डोकेदुखी होईल.

मूळ प्रश्नाबद्दल. सर्व्हरवर प्रोग्राम चालतो आणि बाहेरून चालत नाही, पिंग मात्र जातं. मला यात फायरवॉलचा वास येतोय. पिंग गेलं म्हणजे वाट मोकळी असं नसतं. पिंग म्हणजे इमारत जागेवर आहे एवढीच खात्री. कुठलं दार उघडं आहे ते त्याने कळत नाही.

अडलेल्या एखाद्या मशीनवर पॉवरशेल उघडा. टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढे सर्व्हरचं नाव, मग उणे चिन्ह लावून पोर्ट हा शब्द आणि २७००० हा आकडा. शेवटच्या ओळीत ट्रू येतं की फॉल्स, ते सांगा. फ्लेक्सएलएमचा मुख्य पहारेकरी २७००० ते २७००९ यातल्या एका पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, बसतो, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर.

रेघोटी | सोमवार, ११:२०

ट्रू आलं. म्हणजे दार उघडं आहे?

(सहकाऱ्याला थांबवायला उशीर झाला. नवीन आवृत्ती टाकून झाली, चाचणी मुदतीवर चालतेय आणि तो खुशीत काम करतोय. आम्ही बाकीचे त्याच्याकडे बघतोय.)

तिरकी_पट्टी | सोमवार, ११:२६

मग माझा अंदाज चुकला. फायरवॉल नाही. परवान्याच्या फाइलीत सर्व्हरचं नाव चुकलंय का बघा.

जुना_प्लॉटर | सोमवार, ११:४८

तिरकी_पट्टी, चुकला नाही, अर्ध्यावर सोडलात. इथे पहारेकरी दोन असतात.

पहिला एलएमजीआरडी, तोच २७००० वर बसतो. तो स्वतः परवाना देत नाही. येणाऱ्याला फक्त सांगतो की तुमच्या कंपनीचा माणूस आत अमुक खिडकीवर बसलाय, तिकडे जा. दुसरा म्हणजे तो खिडकीवरचा माणूस, ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर तिचा स्वतःचा डीमन (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम). खरा परवाना त्याच्या हातात. आणि याची खिडकी ठरलेली नसते! परवान्याच्या फाइलीत बांधून दिली नसेल तर सेवा सुरू होताना विंडोज जो रिकामा पोर्ट देईल तिथे तो जाऊन बसतो.

रेघोटी, सर्व्हरवर परवान्याचा लॉग असेल. कुठे ठेवलाय ते एलएमटूल्स नावाच्या छोट्या प्रोग्रामात, सेवा ठरवायच्या पानावर लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडा आणि शनिवारच्या नोंदींत 'टीसीपी पोर्ट' असे शब्द असलेल्या ओळी शोधा. मग तीच ओळ त्याआधीच्या वेळेची शोधा. दोन्ही आकडे इथे टाका.

आणि हो, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आत येण्याचे नियम उघडून परवान्यासाठी कोणी काय लिहून ठेवलंय तेही.

कोरा_कॅनव्हास | सोमवार, दुपारी १२:१५

अवांतर: म्हणून मी म्हणतो, या सर्व्हर-बिर्व्हरच्या भानगडीत पडू नये. वर्गणी घ्या, नावाने साइन-इन करा, मोकळे व्हा.

वक्ररेषा | सोमवार, १२:३१

कोरा_कॅनव्हास, मोकळे कसले! मी वर्गणीवालीच आहे. चित्रांकनाचा प्रोग्राम, नाव घेत नाही. गेल्या आठवड्यात वापरलेला संगणक विकत घेतला. प्रोग्राम टाकला, साइन-इनची खिडकी उघडते आणि पांढरी फटक राहते. पासवर्ड टाकायला चौकटच नाही. ब्राउझरमध्ये त्याच खात्यात व्यवस्थित जाता येतं. कोणी सांगेल का? नवीन धागा काढू का?

तिरकी_पट्टी | सोमवार, १२:४०

राहू दे इथेच, विषय तोच आहे.

वापरलेला संगणक म्हणालात तिथेच माझे कान टवकारले. आधी घड्याळ बघा: तारीख, वर्ष, वेळक्षेत्र सगळं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेली की मशीन बंद होताच तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात.

घड्याळ बरोबर असेल तर होस्ट्स फाइल. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. होस्ट्स नावाची, शेपटी नसलेली फाइल असते. नोटपॅड प्रशासक म्हणून चालवून ती उघडा. मूळ फाइलीत फक्त # ने सुरू होणाऱ्या सूचनेच्या ओळी असतात. त्याखाली कंपनीच्या सर्व्हरांची नावं आणि त्यांच्या आधी १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० दिसलं, तर आधीच्या मालकाने चोरीची प्रत चालवलेली आहे. ती प्रत कंपनीच्या सर्व्हरशी बोलू नये म्हणून रस्ता बंद करतात. मालक बदलतो, प्रत निघून जाते, बंद रस्ता तसाच राहतो.

बिनवायरी | सोमवार, १२:५५

एवढं कशाला, तुम्हीच चोरीची टाका की. लिंक देतो

*[हा प्रतिसाद संपादित केला आहे. लिंक काढली. धाग्याचा विषय परवाना चालवणं हा आहे, मोडणं नव्हे. – संपादक]*

रेघोटी | सोमवार, १:२२

लॉग सापडला. चाळीस हजार ओळी आहेत. कोणीच कधी उघडला नसावा.

शनिवारी मशीन सुरू झाल्यावर: एलएमजीआरडी, पोर्ट २७०००. मग कंपनीचा डीमन, पोर्ट ४९६७४.

त्याआधीच्या सगळ्या सुरुवातींत: एलएमजीआरडी २७०००, डीमन ४९६७१. प्रत्येक वेळी ४९६७१!

आणि फायरवॉलमध्ये 'लायसन्स हात लावू नये' नावाचा नियम आहे. त्यात दोनच पोर्ट, २७००० आणि ४९६७१. ज्याने लिहिला तो नोकरी सोडून गेला.

जुना_प्लॉटर | सोमवार, १:४०

सापडलं. तुमच्या आधीच्या माणसाने लॉग बघून त्या दिवशीचा आकडा नियमात लिहिला. आकडा कायमचा नाही हे त्याच्या लक्षात आलं नसावं. आणि इतके दिवस चाललं कारण विंडोज हे पोर्ट साधारण क्रमानेच वाटतं. मशीन उठताना त्याच सेवा त्याच क्रमाने जाग्या झाल्या की डीमनच्या वाट्याला तोच पोर्ट येत राहतो. रांगेत रोज तेच लोक त्याच क्रमाने उभे राहिले तर तुमचा नंबरही रोज तोच लागतो, तसं.

म्हणजे शनिवारी रांगेत कोणीतरी मध्ये घुसलं. सर्व्हरवर नेटस्टॅट ही आज्ञा -एएनओ जोडून चालवा. ४९६७१ समोरच्या शेवटच्या स्तंभात एक क्रमांक दिसेल. टास्क मॅनेजरच्या तपशील पानावर तो क्रमांक कोणाचा आहे ते बघा. नुसती उत्सुकता म्हणून विचारतोय, दुरुस्तीला त्याची गरज नाही.

रेघोटी | सोमवार, २:०५

स्कॅनर!

शनिवारी जुना स्कॅनर बदलून नवीन जोडला. त्याचा ड्रायव्हर टाकला, त्याने पुन्हा सुरू करायला सांगितलं म्हणून मशीन बंद-चालू केलं. ४९६७१ वर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची सेवा बसली आहे. 'काहीही बदललेलं नाही' हे माझं वाक्य मागे घेतो.

आता? फायरवॉलमध्ये ७१ च्या जागी ७४ लिहू?

जुना_प्लॉटर | सोमवार, २:३०

लिहिलंत तर आत्ता चालेल आणि पुढचा प्रिंटर घेतलात की परत या धाग्यावर याल. खिडकीच बांधून टाका.

परवान्याची फाइल आधी दुसरीकडे नकलून ठेवा. मग नोटपॅडमध्ये उघडा. पहिली ओळ सर्व्हर या शब्दाने सुरू होते. त्यात मशीनचं नाव, बारा अक्षर-आकड्यांचा नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि शेवटी असला तर पोर्ट. पोर्ट नसेल तर एक जागा सोडून २७००० लिहा. दुसरी ओळ व्हेंडर या शब्दाने सुरू होते, पुढे डीमनचं नाव. त्या ओळीच्या शेवटी पोर्ट हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, बरोबरीचं चिन्ह आणि तुमच्या पसंतीचा आकडा, मध्ये जागा न सोडता. २७०१० घ्या, लक्षात राहतो. विंडोज ४९१५२ च्या पुढचे पोर्ट वाटतं, त्यामुळे खालच्या आकड्यावर कोणी आपसूक येऊन बसणार नाही.

मशीनचं नाव आणि पोर्ट बदलता येतात. बारा अक्षरी पत्त्याला आणि खालच्या लांबलचक ओळींना मात्र बोटही लावू नका. त्यांची सही त्या मजकुरावर बेतलेली असते, एक अक्षर हललं तरी परवाना -८ देऊन नापास होतो.

मग फायरवॉलच्या नियमात २७००० आणि २७०१०. मग सेवा पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा. 'फाइल पुन्हा वाचा' असं एक बटण दिसेल, त्याने पोर्ट बदलत नाहीत. सगळ्यांना आधी काम जतन करायला सांगा. तसं आत्ता कोणी कामच करत नाहीये म्हणा.

वक्ररेषा | सोमवार, ३:१०

तिरकी_पट्टी, तुम्ही संगणक लांबून सुंघता का? घड्याळ बरोबर होतं. होस्ट्स फाइलीत सदतीस ओळी! सगळ्या पुसल्या, मशीन पुन्हा सुरू केलं, साइन-इनची खिडकी पहिल्या फटक्यात उघडली.

पण आता म्हणतंय की दोन संगणकांची मर्यादा भरली. एक माझा लॅपटॉप. दुसरा जुना डेस्कटॉप, ज्याचा मदरबोर्ड जळाला म्हणून तर हा घेतला. जळालेल्या मशीनवरून साइन-आउट कसं करायचं?

तिरकी_पट्टी | सोमवार, ३:१८

त्या मशीनवर जायची गरज नाही. ब्राउझरमधून खात्यात जा. सक्रिय उपकरणांची यादी असते, तिथून जुनं काढून टाका. पुष्कळदा प्रोग्राम स्वतःच विचारतो, बाकी ठिकाणी साइन-आउट करू का म्हणून. हो म्हणा.

अवांतर: मदरबोर्ड बदलला की बहुतेक परवाने त्याला नवीन संगणक मानतात. डिस्क, मेमरी, पडदा बदललात तर सहसा काही वाटत नाही त्यांना.

रेघोटी | सोमवार, ४:०२

चाललं!!!

टेस्ट-नेटकनेक्शन २७०१० वर ट्रू. तीन मशीनवर लगेच उघडलं. चौथं म्हणजे नवीन आवृत्तीवालं, ते वेगळंच प्रकरण. जुना_प्लॉटर, तिरकी_पट्टी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रेघोटी | मंगळवार, सकाळी ९:४०

मीच परत. आभार मानून चोवीस तास झाले नाहीत.

दोन भानगडी. एक: काल त्या सहकाऱ्याने नव्या आवृत्तीत सहा नकाशे उघडून काम केलं आणि जतन केले. आता ते आमच्याकडे उघडत नाहीत, फाइल वैध नाही म्हणतात. तीच नावं, तीच डीडब्ल्यूजी शेपटी.

दोन: त्याच्या मशीनवर जुनी आवृत्ती परत टाकली (डिस्क स्कॅनरच्या खोक्यात सापडली!), तर त्याला -४ येतो. जागा पाच, आम्ही पाच, मग पाचवी गेली कुठे? सर्व्हरवरचा प्रोग्राम धरूनही आम्ही पाचच, मोजलं.

तिरकी_पट्टी | मंगळवार, १०:०५

पहिली भानगड माझ्याकडे. अडलेल्या नकाशाची एक प्रत काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, सगळा कचरा दिसेल. फक्त पहिली सहा अक्षरं वाचा. एसी आणि पुढे चार आकडे. १०२७ असेल तर २०१३ चं स्वरूप, ते २०१३ पासून २०१७ पर्यंतच्या आवृत्त्यांनी वापरलं. १०३२ असेल तर २०१८ चं, ते तुमच्याकडे उघडणारच नाही. बघून झालं की नोटपॅड जतन न करता बंद करा, नाहीतर प्रत बिघडेल. म्हणून प्रतच उघडायची.

उपाय सोपा. नवी आवृत्ती मशीनवर अजून असेल आणि चाचणी मुदत चालू असेल तर तिच्यातच सहाही नकाशे उघडून २०१३ च्या स्वरूपात 'नव्या नावाने जतन' करा. नसेल तर ओडीए फाइल कन्व्हर्टर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, अख्खा फोल्डर एकदम जुन्या स्वरूपात करून देतो. नव्या आवृत्तीतच असलेल्या काही वस्तू जुन्यात साध्या होऊन येतात, तेवढं तपासून घ्या. रेषा, मापं, थर यांना सहसा धक्का लागत नाही.

रेघोटी | मंगळवार, १०:३३

एसी१०३२. सहाही. नवी आवृत्ती अजून काढली नव्हती, त्यातूनच २०१३ मध्ये जतन केले. पाच व्यवस्थित उघडले. सहावा उघडतो पण उघडताना पंधरा मिनिटं घेतो, ४२ एमबीचा झालाय. काल सकाळी ६ एमबीचा होता.

जुना_प्लॉटर | मंगळवार, ११:१०

सहावा आधी. त्यात कोणीतरी बाहेरून आलेला नकाशा चिकटवलाय. त्याबरोबर न दिसणारा भंगार येतो: न वापरलेल्या रेषाप्रकारांच्या हजारो व्याख्या, इतर प्रोग्रामांनी सोडलेल्या नोंदी. आधी प्रत काढा. मग ऑडिट ही आज्ञा, चुका दुरुस्त करू का याला हो. मग न वापरलेलं काढून टाकणारी पर्ज, आणि पर्ज आज्ञेच्या आधी उणे चिन्ह लावून तिचं लिखित रूप चालवा. त्यात रेगॅप्स (त्या इतर प्रोग्रामांच्या नोंदी) असा पर्याय आहे, तो चौकटीतल्या पर्जमध्ये दिसत नाही. तेवढ्याने उतरला नाही तर कोरा नकाशा उघडून त्यात हा ब्लॉक म्हणून आणा, फोडा आणि पुन्हा पर्ज करा.

आता -४. लॉग शिकलात ना, आता त्यालाच विचारा. परवाना घेतला की आउट अशी नोंद होते, परत केला की इन. नाकारला की डिनाइड. आज सकाळपासूनच्या आउटमध्ये ज्याचं इन नाही अशी पाच नावं काढा. त्याहून सोपं, एलएमटूल्समध्ये सर्व्हरची स्थिती विचारायचं पान आहे. तिथे आत्ता कोण जागा धरून बसलंय त्यांची यादी येते.

रेघोटी | मंगळवार, ११:३५

यादीत चौघे आम्ही. पाचवं नाव मोठ्या साहेबांच्या लॅपटॉपचं. पुढे लिहिलंय लिंगर आणि भलामोठा आकडा. साहेब तर दौऱ्यावर आहेत, शुक्रवारी येणार! काढून टाकू का ती जागा? एलएमरिमूव्ह नावाची आज्ञा असते असं वाचलं.

जुना_प्लॉटर | मंगळवार, ११:५२

काढता येणार नाही. ती जागा अडकलेली नाही, उसनी नेलेली आहे. नेटवर्कबाहेर काम करता यावं म्हणून ठरावीक दिवसांसाठी परवाना लॅपटॉपवर नेता येतो. मुदत संपेपर्यंत सर्व्हर ती जागा मोकळी धरतच नाही. उसन्या जागेपुढे एलएमरिमूव्हचं काही चालत नाही. प्रोग्राम कोसळून जागा अडकली असेल तेव्हा ती उपयोगी, इथे नाही. साहेबांनाच विचारावं लागेल. लॅपटॉप व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कला जोडता आला तर प्रोग्राममधूनच लवकर परत करता येतो.

रेघोटी | मंगळवार, १२:२०

साहेबांना फोन केला. म्हणाले, "मी कुठे काय नेलंय? मी तर फक्त पीडीएफ बघतो." मग आठवलं त्यांना, दौऱ्याआधी प्रोग्रामने काहीतरी विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं. व्हीपीएन नाही. मुदत शुक्रवारची आहे. तोवर एक जण सर्व्हरसमोरच्या स्टुलावर बसून हाताने कागदावर तपासणी करणार.

तिरकी_पट्टी | मंगळवार, १२:३४

पुढच्या वेळेसाठी: परवान्याबरोबर ऑप्शन्स फाइल लावता येते. एक्सक्लूड_बॉरो लिहून कोणाला उसना न्यायला मनाई करता येते. टाइमआउटऑल आणि पुढे सेकंद लिहिले की जेवायला गेलेल्यांची जागा सुटते. १८०० लिहा, अर्धा तास. ९०० च्या खाली बहुतेक डीमन ऐकतच नाहीत. मात्र सगळ्यांना आधी सांगून ठेवा. परत आल्यावर प्रोग्राम पुन्हा परवाना मागतो, तेव्हा जागा नसली तर चिडचिड होते.

कोरा_कॅनव्हास | मंगळवार, १:०५

आणि तरी म्हणे कायमस्वरूपी परवाना चांगला.

जुना_प्लॉटर | मंगळवार, १:४५

चांगला आहेच, पण 'कायम' या शब्दाला मर्यादा आहेत हे मान्य. अ‍ॅडोबीच्या सीएस२ च्या सक्रियतेचा सर्व्हर बंद झाला, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला त्यांना सक्रियता न लागणारी वेगळी प्रत ठेवावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी जाहीर केलं की पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडवर, म्हणजे वर्गणीवर. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं, स्केचअपने २०२० च्या नोव्हेंबरात. आज तुमच्या-माझ्याकडचा जुना परवाना विकत घेता येणारी वस्तू राहिलेली नाही, म्हणून जपायची.

रेघोटी, हे तुमच्यासाठीच. तुमचा परवाना त्या कोपऱ्यातल्या मशीनच्या नेटवर्क पत्त्याला बांधलेला आहे. पत्ता मदरबोर्डवरच्या कार्डाचा की वेगळ्या खोचलेल्या कार्डाचा? खोचलेलं असेल तर मशीन मेलं तरी कार्ड दुसऱ्यात घालता येईल. मदरबोर्डचा असेल तर मशीन जिवंत आहे तोवर कंपनीला लिहून परवाना दुसऱ्या पत्त्यावर बदलून देता का, ते विचारा. विचारायला जितकी वर्षं लावाल तितकं अवघड होत जातं. पत्ता खोटा दाखवायच्या युक्त्या सुचवणारे भेटतील, तो करारभंग आहे. त्या वाटेला जाऊ नका.

वक्ररेषा | मंगळवार, २:१२

माझं चालू झालं, सांगायचं राहिलं. वर्गणी वाईट नाही हो, फक्त इंटरनेट नसलं की धाकधूक होते. अधूनमधून जोडणी करून दाखवावी लागते, नाहीतर सवलतीचे दिवस संपतात.

खोडरबर | मंगळवार, २:२०

इंकस्केप, ब्लेंडर, क्रिता, फ्रीकॅड, सगळे मुक्त प्रोग्राम. परवान्याची फाइलच नाही. पोर्ट नाही, साहेब नाही.

तिरकी_पट्टी | मंगळवार, २:२८

खोडरबर, यावेळी तुमच्याशी निम्मा सहमत. ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे आणि आज कोणी त्याला हौशी म्हणणार नाही. पण समोरचा डीडब्ल्यूजीच मागत असेल आणि त्याच्या थरांची नावंसुद्धा ठरलेली असतील, तर बुधवारच्या आदल्या दिवशी प्रोग्राम बदलत नाहीत.

रेघोटी | बुधवार, संध्याकाळी ६:५०

नकाशे वेळेवर दिले. सहावा ऑडिट आणि पर्जनंतर ७ एमबीवर आला, रेगॅप्स साडेअकरा हजार निघाले.

परवाना मदरबोर्डच्या कार्डाला बांधलेला आहे. कंपनीला लिहिलंय, उत्तर आलं की कळवतो. फायरवॉलच्या नियमाचं नाव बदलून 'परवाना २७००० आणि २७०१०, फाइलीत बांधलेले' केलं, 'हात लावू नये' काढलं. ऑप्शन्स फाइल शुक्रवारनंतर, साहेबांच्या समोर.

चौकोनी_डबा | गुरुवार, सकाळी ८:५५

नमस्कार, नवीन आहे इथे. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे -८८ येतोय. काढून परत टाकू का?

खोडरबर | गुरुवार, ८:५८

नका टाकू. घड्याळ मागे गेलंय, आधी ते बघा. आणि नवीन धागा काढा.